सुतळी, मडके आणि मार्गदर्शन

अमेरिकेतील लहान गावांमध्ये अंत्यसंस्काराचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे चालत आल्याची उदाहरणे विपुल आहेत, आणि अशा घराण्यांचे इतिहासही मोठ्या निष्ठेने लिहिले जातात; त्यांत संस्थापक आजोबांचे मिशीदार छायाचित्र असते, घोड्यांची पहिली गाडी असते आणि तीन पिढ्यांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही, असा सार्थ अभिमानही असतो. जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील पहूर येथे असाच इतिहास शोधू जाणाऱ्या अभ्यासकाची मात्र आरंभीच पंचाईत होते, कारण ज्या संस्थेचा इतिहास लिहावयाचा ती संस्थाच त्याला सापडत नाही. या भागातील मोठ्या गावांत फार तर एखादे दुकान आढळते. त्याच्या दर्शनी भागात वह्या, राख्या आणि पतंगाचा मांजा असतो, मागील भिंतीस बांबू टेकवलेले असतात आणि आडोशाला मडकी उपडी घातलेली असतात. गावात मयत झाले की या दुकानाच्या फळीपुढे वीस-पंचवीस गृहस्थ जमतात, आणि न सापडलेल्या त्या संस्थेचे आपणच व्यवस्थापकीय संचालक आहोत, अशी त्यांतील प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते.

दोन्हीकडची ही तफावत समजून घेण्यासाठी अमेरिकेतील व्यवसायाची जडणघडण थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. तेथे शवपेटी बनवणारा हा मुळात गावचा फर्निचरवाला असे; खुर्च्या-टेबलांच्या जोडीला तो पेट्या करी आणि हळूहळू पेटीबरोबर उरलेले सगळे सोपस्कारही अंगावर घेई. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात दूरच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे देह घरी पाठवण्यासाठी देह टिकवून धरण्याची रासायनिक प्रक्रिया रूढ झाली, आणि व्यवसायाला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली. पुढे स्पर्धा इतकी वाढली की कॅन्सस सिटीतील अल्मन स्ट्राउजर या अंत्यसंस्कार-व्यावसायिकास, अशी कथा सांगतात, निराळाच संशय आला: टेलिफोन कार्यालयात जोडणी देणारी बाई ही आपल्या प्रतिस्पर्ध्याची पत्नी असून आपली गिऱ्हाइके ती परस्पर नवऱ्याकडे वळवते. कथेचे खरेखोटे काहीही असो, स्ट्राउजरने त्या बाईशिवाय आपोआप जोडणी देणारे यंत्र तयार केले, १८९१ साली त्याचे पेटंट मिळवले, आणि त्याच्या पद्धतीची टेलिफोन केंद्रे पुढे भारतातही दीर्घकाळ खडखडत राहिली. पहूरला अशा यंत्राची गरज कधीच भासली नसती, कारण खानदेशात मयताची बातमी डॉक्टरांनी नाडी सोडण्यापूर्वीच बसस्थानकावरील चहाच्या टपरीपर्यंत पोहोचलेली असते.

खानदेशातील व्यवस्थेचा उगम बलुतेदारीत, म्हणजे गावाची कामे जातीजातींत वाटून देऊन मोबदला धान्यात चुकवण्याच्या रीतीत, शोधावा लागतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या रीतीचे आणि तिच्या दुखण्यांचे बारकाईने वर्णन आहे. मडके कुंभाराने द्यावे, क्षौर न्हाव्याने करावे, बांबू बुरुडाने पुरवावा, आणि सर्वांत कष्टाची कामे, म्हणजे लाकडे वाहणे व मृत्यूचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री गावोगाव पायी जाणे, महार समाजाकडून करवून घ्यावीत, असा हा हिशेब होता. मोबदल्यात मयतावरचे कापड ‘हक्क’ म्हणून देऊन गाव आपल्या औदार्यावर खूश होत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने हा हक्क आणि त्याला चिकटलेली लाचारी या दोहोंना नकार दिला, १९५८ च्या कायद्याने अशी कनिष्ठ वतने रद्द केली, आणि सांगावा न्यायला देवाने आपल्यालाही पाय दिले आहेत, हा शोध गावाला उशिरा का होईना लागला. पाय सापडले तरी मडके, बांबू आणि कापड एका ठिकाणी मिळण्याची सोय उरलीच नव्हती. ही पोकळी रोखीच्या दुकानाने भरून काढली, आणि येथून आपल्या विषयाचा खरा इतिहास सुरू होतो.

अशा दुकानाची पहिली पिढी सहसा घराच्या ओट्यावरून धंदा करते, दुसरी पिढी गाळा घेते, आणि तिसरी पिढी पुण्याला शिकायला जाते. तिन्ही पिढ्यांपुढची अडचण मात्र एकच असते: व्यापाराचे सर्वमान्य शिष्टाचार या धंद्यास लागू पडत नाहीत. गिऱ्हाइकाला ‘या, बसा’ म्हणता येत नाही, कारण बसण्याइतका वेळ त्याला नसतो; निघताना ‘पुन्हा या’ म्हणण्याची तर सोयच नाही. दिवाळीची सवलत जाहीर करता येत नाही, दोनावर एक मोफत देता येत नाही, आणि सकाळी कुलूप काढताना ‘आज चार गिऱ्हाइके येऊ देत’ अशी प्रार्थना देवापुढे उघडपणे करता येत नाही. पाटीवर ‘सर्व प्रकारचे साहित्य योग्य दरात मिळेल’ एवढेच लिहिलेले असते; साहित्य कसले, ते ज्याला हवे असते त्याला ठाऊक असते आणि इतरांनी विचारू नये अशी अपेक्षा असते. मुलाचे लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी धंदा विचारला, तर घरातील वडील माणूस क्षणभर थांबून ‘जनरल स्टोअर्स’ असे सांगतो, आणि ते खोटेही नसते, कारण त्या दुकानाचे गिऱ्हाईक होण्यापासून आजवर कोणीच सुटलेले नाही.

अशा दुकानी गेलेल्या अभ्यासकाने वही उघडून ‘माहिती हवी आहे’ असे म्हणताच दुकानदार सवयीने विचारतो, “उंची किती?” अभ्यासक गोंधळून स्वतःची उंची सांगतो, दुकानदार त्या मापाचे दोन बांबू बाजूला काढतो, आणि गैरसमज दूर होईपर्यंत सुतळीचा गुंडा, पांढरे कापड, गुलाल, बुक्का, कापूर आणि शेणाच्या गोवऱ्या यांचा ढीग फळीवर साचलेला असतो. हा सर्व माल अर्थातच दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडतो, त्यामुळे दुकानदाराचे नुकसान होत नाही. अभ्यासकाच्या मनःस्थितीचे काय होते, याची नोंद खतावणीत नसते.

किमतीच्या बाबतीत या व्यवसायात घासाघीस होत नाही, असा एक समज प्रचलित आहे. तो अर्धाच खरा आहे. मुलगा घासाघीस करत नाही. पण सामान आणायला मुलाला कोणी पाठवतच नाही, भावकीतील एका व्यवहारचतुर आबांना पाठवतात, आणि भावकी म्हणजे सुतकात एकत्र येऊन बांधावरून वेगळे होणारे नातेवाईक होत. अमेरिकेत १९८४ पासून अंत्यसंस्कार-व्यावसायिकाने गिऱ्हाइकास दरपत्रक दाखवणे बंधनकारक आहे. पण असे दरपत्रक समोर टांगले तरी आबांच्या प्रतिभेस खीळ बसेल, असे वाटत नाही.

“मडकं केवढ्याला?” आबा विचारतात. दर ऐकून ते मडक्यावर टिचकी मारतात. “हे शेवटी फोडायचंच ना भो? मंग तडा गेलेलं दे, निम्म्या भावात.”

“तडा गेलेलं रस्त्यातच फुटतं आबा,” दुकानदार शांतपणे म्हणतो.

“तेवढंच काम हलकं!”

दुकानदार यावर काही बोलत नाही, आणि हे न बोलणे हेच त्या घराण्याचे पिढीजात कौशल्य होय. प्रस्तुत विषयाचा अभ्यास करता असे दिसून येते की मयताच्या दिवशी संपूर्ण गावात सल्ला न देणारी माणसे दोनच असतात, एक स्वतः मयत आणि दुसरा दुकानदार.

तिरडी, म्हणजे दोन लांब बांबूंवर आडव्या काठ्या बांधून तयार केलेली शिडीसारखी शय्या, बांधताना या निरीक्षणाची सत्यता विशेष पटते. वरकरणी हे काम पाऊण तासाचे आहे. प्रत्यक्षात त्यास लागणारा वेळ हा उपस्थित जाणकारांच्या संख्येवर अवलंबून असतो. आडव्या काठ्या किती असाव्यात, यावर पहिला मतभेद होतो. गाठ कशी मारावी, यावर दुसरा. डोक्याकडची बाजू कोणती, हा वाद तर तिरडी पूर्ण झाल्यावर उपस्थित केला जातो, कारण त्याआधी तो उपस्थित केल्यास उलगडण्याचा आनंद मिळत नाही. खानदेशातून कामधंद्यासाठी सुरतेला गेलेल्यांची संख्या मोठी असल्याने प्रत्येक अंगणात एक तरी सुरतकर असतो, आणि “आमच्या सुरतेला असं नाही बांधत” हे त्याचे वाक्य तिरडीइतकेच अटळ असते. त्यावर “मंग तठीच राहायचं होतं,” असे कोणीतरी वृद्ध नाना पुटपुटतात. मापाचा प्रश्नही सोपा नसतो, कारण मृत्यूनंतर माणसाच्या गुणांबरोबर त्याची उंचीही वाढते. हयातीत ज्यांना गाव ‘बुटके अण्णा’ म्हणत असे, त्यांच्यासाठी जाणकार सहा फुटांचा आग्रह धरतात. शेवटी सर्वांच्या सन्मानास साजेशी अशी भव्य तिरडी तयार होते आणि ती गल्लीच्या वळणावरून वळत नाही, असे आढळून येते. मग मागे या, उभी करा, आडवी करा, समोरच्याची मोटारसायकल हलवा, किल्ली कोणाकडे आहे, किल्ली घेऊन तो मयताला गेला आहे, कोणाच्या मयताला, याच की, अशी चर्चा होते. या सर्व काळात टिपणे घेण्यासाठी आलेल्या अभ्यासकाच्या हाती कोणीतरी “हे धरा जरा” म्हणून सुतळीचे टोक दिलेले असते, आणि ते परत घ्यायला कोणी येत नाही.

यानंतर वाट पाहण्याचा अध्याय येतो. पूर्वी पाहुण्यांची भिस्त पाचोरा-जामनेर या अरुंद मार्गाच्या रेल्वेवर असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास सुरू झालेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारे ५६ किलोमीटर जाणारी ही गाडी ‘पीजे’ या नावाने सर्वांच्या प्रेमाचा आणि चेष्टेचा विषय होती. तिचा वेग बेताचाच होता, तथापि तो सर्वांना माहीत असल्याने हिशेब बांधता येत असे, आणि गाडीची शिट्टी ऐकून लोक टोप्या सावरत. २०२० च्या टाळेबंदीत ही गाडी थांबली, रुंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले, आणि वाट पाहण्याचे सर्व काम भ्रमणध्वनीवर आले, ज्यामुळे अनिश्चिततेला सीमा उरली नाही. पुण्याहून निघालेला धाकटा भाऊ दर अर्ध्या तासाने “पोहोचलोच” असे सांगतो, “कुठवर आले?” या प्रश्नाला “जवळच” याखेरीज उत्तर मिळत नाही, आणि मे महिन्याच्या दुपारी, जेव्हा जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकत असतो, तेव्हा “अजून किती थांबायचं, विचार करा,” असे म्हणत जो तो लिंबाच्या सावलीत विचार करायला जातो.

पहूर हे पेठ आणि कसबे अशा दोन भागांत वाघूर नदीच्या काठी वसलेले आहे, आणि ही तीच नदी होय, जिच्या नालाकृती वळणावर वरच्या अंगाला अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत. त्यांपैकी २६ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे सुमारे ७ मीटर लांबीचे शिल्प आहे. खाली शिष्य शोकात बुडालेले आहेत, तर वर स्वर्गस्थ मंडळी वाद्ये घेऊन आनंदात आहेत. पाचव्या शतकातील शिल्पकाराने अंत्यदर्शनाची गर्दी किती बारकाईने पाहिली होती, हे त्या खालच्या रांगेतील निरनिराळ्या मुद्रांवरून ध्यानात येते. कोणी मान खाली घातली आहे, कोणी हातावर डोके टेकले आहे. सुतळीचे टोक मात्र कोणाच्याही हाती दिसत नाही, ही उणीव नोंदवणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. याच लेण्यातील शिलालेखानुसार बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने हे लेणे अश्मक देशाचा मंत्री भव्विराज याच्या स्मृत्यर्थ करविले. म्हणजेच बसस्थानकाच्या बाकावर, शाळेच्या पंख्यावर आणि पाणपोईच्या फरशीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे लिहून खाली देणगीदाराचे नाव दुप्पट मोठ्या अक्षरांत घालणाऱ्या परंपरेस या नदीच्या खोऱ्यात दीड हजार वर्षांचा आधार आहे, फक्त बुद्धभद्राने पंख्याऐवजी डोंगर निवडला.

अंत्ययात्रेत खांदा देण्यासाठी चढाओढ असते, आणि पुण्याच्या वाटणीत उंचीचा विचार होत नसल्याने पुढे एक उंच व मागे एक ठेंगणा अशी जोडी जमते. उंचाच्या खांद्यावर भार येतो आणि ठेंगणा टाचा उंचावून केवळ हात लावत चालतो, पण छायाचित्रात दोघांची श्रद्धा सारखीच दिसते. विसाव्याच्या ठिकाणी, म्हणजे जेथे तिरडी क्षणभर खाली टेकवून खांदेकरी बदलतात तेथे, स्थानिक पुढाऱ्याचे आगमन होते, असा अनुभव आहे. ज्या गावांत वैकुंठरथ, अर्थात टेम्पोवर पत्र्याचे मंदिर बसवून तयार केलेले वाहन, आले आहे, तेथे खांदेकऱ्यांची संख्या वाढली, कारण आता खांदा रथापर्यंतच द्यावा लागतो.

स्मशानभूमीत चार-पाच क्विंटल लाकूड रचण्याचे काम सुरू होताच तिरडीच्या जाणकारांची जागा सरणाचे जाणकार घेतात. बाभूळ खाली की कडुनिंब, वारा कोणत्या बाजूने, लाकूड ओले आहे की विकणारा, अशी शास्त्रीय चर्चा झडते, एक जण रचलेले सरण पाहून “हवा कुठून खेळंल?” म्हणत दोन ओंडके उपसतो, दुसरा त्याची पाठ फिरताच ते पुन्हा घालतो. अग्नी दिल्यानंतर श्रद्धांजलीपर भाषणे होतात. प्रत्येक वक्ता दोनच शब्द बोलणार असल्याचे जाहीर करतो आणि मग ते दोन शब्द शोधत राहतो. कधीही भरून न निघणारी पोकळी प्रत्येकाच्या भाषणात निर्माण होते, त्यामुळे सातव्या वक्त्यापर्यंत गाव बहुतांशी पोकळ झालेले असते. एखादा वक्ता दिवंगताऐवजी शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या थोरल्या भावाचे नाव घेऊन त्याच्या आत्म्यास शांती चिंततो. थोरला भाऊ नम्रपणे मान झुकवतो, कारण भाषणात अडथळा आणणे शोभत नाही. पुढारी दिवंगताच्या साधेपणावरून पाणीपुरवठा योजनेकडे आणि योजनेवरून विरोधकांकडे वळतात. शेवटी दोन मिनिटांचे मौन पाळले जाते, जे कोणाचा तरी भ्रमणध्वनी वाजल्याने पाऊण मिनिटात आटोपते.

नोंदणीचा भाग त्या मानाने सरळ आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते, त्यानंतर विलंब शुल्क पडते, आणि वर्ष उलटल्यास प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जाते. मेलेल्या माणसाचा दाखला मिळवणे हे जिवंत निवृत्तिवेतनधारकाने दर वर्षी हयातीचा दाखला देण्यापेक्षा सोपे आहे, एवढे नमूद करून पुढे जाणे बरे.

दशक्रियेच्या दिवशी पिंडाला कावळा शिवावा लागतो, आणि कावळा हा या संपूर्ण व्यवस्थेतील एकमेव घटक आहे की ज्यावर भावकीचे वजन चालत नाही. तो झाडावर बसून राहिला की खाली आश्वासनांना प्रारंभ होतो. “धाकट्याला विहिरीचा हिस्सा देऊ,” थोरला हात जोडून म्हणतो. कावळा हलत नाही. “मोटारीसकट देऊ.” कावळा मान वळवतो. धाकटा पुतण्याला हळूच सांगतो, “थांब, उडवू नको, अजून बांध राहिला.” मुद्रांक-शुल्काविना होणारे हे जमिनीचे व्यवहार महसूल खात्याच्या नजरेतून सुटले आहेत. फारच वेळ लागला तर दर्भाचा कावळा करून त्याच्याकडून पिंड शिववून घेतात. दर्भाचा कावळा काही मागत नाही, त्यामुळे थोरल्याचा कल पहिल्यापासून त्याच्याकडेच असतो. पुढे उत्तरकार्य व गंधमुक्ती, म्हणजे सुतक फेडण्याचा समारंभ, होतो. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसते, आणि तिरडीच्या गाठीपासून सुरू झालेली तज्ज्ञता भाजीतल्या तिखटापाशी येऊन स्थिरावते.

दरम्यान, पुण्याला शिकायला गेलेली दुकानाची तिसरी पिढी परतलेली असते. तिने वाचलेले असते की मुंबईत सुरू झालेल्या ‘सुखांत’ नावाच्या कंपनीने २०२२ साली दिल्लीच्या व्यापार मेळ्यात सजवलेल्या तिरडीसह गाळा मांडला होता, आणि त्याची छायाचित्रे देशभर फिरली होती. वडिलांच्या मौनव्रताने धंदा वाढणार नाही, अशी या मुलाची ठाम समजूत असते. तो संगणकावर रंगीत पत्रक तयार करतो आणि त्यात तिरडी, मडके, सरण, वैकुंठरथ, फलक, दाखला या सर्वांचा एकत्रित दर देऊन शेवटी ‘अनुभवी मार्गदर्शक’ अशी एक ओळ घालतो. पत्रक घेऊन तो आबांकडे जातो. आबा चष्मा लावून एकेक बाब बोटाने तपासतात, सरणाच्या दरावर थोडे थबकतात, आणि अखेरच्या ओळीवर त्यांचे बोट थांबते.

“हे काय भो?”

“मार्गदर्शक, आबा. सगळं बघायला एक माणूस राहील. तुम्हा लोकांना काही सांगावं लागणार नाही.”

आबांच्या मुद्रेवर खरेखुरे दुःख त्या महिन्यात प्रथमच उमटते. ते पत्रक घडी करून खिशात ठेवतात, बाकीच्या संपूर्ण रकमेला एका शब्दाचीही घासाघीस न करता मान्यता देतात, आणि जाताना बजावतात, “तेवढं शेवटचं काढून टाक. ते घरचं आहे.”